सिस्टर साळव्यांचा राग

रूथमावशींना दिल्ली आवडली नाही. पुष्कळ पाहुण्यांना आवडत नाही. ते घरात बसून कुरकुर करतात आणि गावी परतल्यावर लाल किल्ल्याचे फोटो सगळ्यांना दाखवतात. रूथमावशींनी मात्र जे आवडलं नाही ते ज्याचं त्याला, तोंडावर, त्यांच्या मोडक्यातोडक्या नगरी हिंदीत सांगितलं. त्यामुळे आमच्या सोसायटीत त्यांना सगळे ओळखत होते आणि फारच थोड्यांना त्या हव्या होत्या.

त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या प्रकाश साळवेच्या आई. नगर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत नर्सची नोकरी करून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मुलाला एकटीनं वाढवलं. मुलगा शिकला आणि फोन विकणाऱ्या एका परदेशी कंपनीत दिल्लीला मोठ्या पगारावर लागला. ते दिवसच तसे होते. रोज एखादी नवी कंपनी देशात उतरायची आणि गाझियाबादच्या हद्दीत, जिथं परवापर्यंत मोहरी पिवळी दिसायची तिथं, एखादी नवी इमारत उभी राहायची. आम्हीही सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून तिथं फ्लॅट घेतला होता. भिंतींना अजून ओला वास होता. पाणी टँकरनं यायचं, वीज गेली की खाली जनरेटर धडधडायचा आणि त्याचा धूर थेट स्वयंपाकघरात. तरी सगळे खूष होते, कारण फाटकावर पहारेकरी होता आणि तो सलाम ठोकायचा.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या थंडीत. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरी सुती साडी, पदर खांद्यावर पिनेनं टाचलेला. आवाज असा, की वॉर्डच्या या टोकाला बोलावं आणि त्या टोकाच्या पेशंटनं मुकाट्यानं गोळी गिळावी. पण खरा राग आला की तो आवाज खाली जायचा. चष्मा काढून त्या पदरानं सावकाश पुसायला लागल्या, की समोरच्यानं सावध व्हावं.

सोसायटीचं नाव इंग्रजीत होतं. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ त्यांनी मला विचारला. मी सरकारी कचेरीत भाषांतराचं काम करते, म्हणून जरा ऐटीत म्हटलं, ‘कुरण.’

‘मग बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘चरणारे आतच राहायला आलेत.’

इमारतीत दोन लिफ्ट होत्या. एकीवर पाटी होती, ‘नौकर एवं सामान’. मावशी कायम तिनंच जायच्या. प्रकाश ओशाळायचा. एकदा त्यानं सगळ्यांसमोर त्यांना दुसऱ्या लिफ्टकडे वळवायला हात धरला, तर त्या म्हणाल्या, ‘अरे, मी जन्मभर नोकरीच केली ना? तू तरी दुसरं काय करतोस?’ आणि भांडीवाल्या बायकांच्या घोळक्यात शिरून त्या निघून गेल्या. त्या लिफ्टमध्ये पंखा नव्हता. त्या पुढचे दोन महिने सोसायटीचे सेक्रेटरी खन्नासाहेब भेटतील तिथं त्यांना पंख्याची आठवण करून द्यायच्या. शेवटी पंखा बसला. खन्नासाहेबांनी तो मनापासून बसवला की मावशींचा आवाज बंद करण्याची ती किंमत होती, कोण जाणे. पण आवाज काही बंद झाला नाही.

माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. दिल्लीतच वाढलेली, मराठी बोलायची पण भोकाभोकांचं. तिच्या गुडघ्याला लागलं होतं तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘धुऊन घे नीट, नाहीतर चिघळेल.’ पोरीनं विचारलं, ‘चिघळेल मतलब?’ मावशी माझ्याकडे वळल्या. जखमेवर औषध लावता लावता मला म्हणाल्या, ‘हिला दुखणं सांगायला शब्दच दिले नाहीस. उद्या काय सांगेल कुणाला?’ तेवढ्यावर थांबल्या नाहीत. रोज संध्याकाळी तिला बोलावून शरीराच्या एकेका भागाची मराठी नावं पाठ करून घेतली. टाच, घोटा, पोटरी, मांडी, बरगडी. पोरगी आजही ती नावं विसरलेली नाही.

बसचा प्रसंग मी स्वतः पाहिला. आम्ही दोघी स्वेटर घ्यायला सरोजिनी नगरच्या बाजारात निघालो होतो. खाजगी बस, दारात लोंबकळणारा कंडक्टर, आत शिव्यांचा रतीब. बायकांच्या जागेवर एक धडधाकट तरुण पाय पसरून बसला होता आणि शेजारी एक बाई तान्हं मूल घेऊन उभी होती. कुणीही त्याला काही म्हणत नव्हतं. दिल्लीत त्या काळी म्हणत नसत. म्हटलं तर दहाजणांसमोर काय ऐकावं लागेल याचा नेम नसायचा. मावशी गर्दीतून त्याच्यापर्यंत गेल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. तो दचकला. मावशी छातीवर पिनेनं लावलेल्या नर्सच्या घड्याळाकडे बघत शांतपणे नाडी मोजत राहिल्या. सगळी बस बघायला लागली. मग त्याचं मनगट सोडून म्हणाल्या, ‘नाडी ठीक है. बुखार नहीं. पाँव भी सही दिखता है. फिर उठता क्यूँ नहीं?’ मागून कुणीतरी हसलं. तो उठला, काहीतरी पुटपुटत पुढच्या थांब्यावर उतरला. मूलवाली बाई बसली. मला वाटलं, मावशी खूष असतील. पण बाजार येईपर्यंत त्या धुमसत होत्या. ‘सगळी बस हसली,’ म्हणाल्या, ‘पण त्याआधी सगळी बस गप्प होती.’

आणि ती खुर्ची. आमचे पहारेकरी दुबेजी म्हातारे होते, बिहारकडचे, खोकल्यानं बेजार. पहारेकऱ्यानं बसायचं नाही असा सोसायटीचा नियम होता. बसला की झोपतो, म्हणे. मावशींनी घरातली एक खुर्ची खाली नेऊन दुबेजींना दिली. दुसऱ्या दिवशी कमिटीनं ती उचलली. मावशींनी दुसरी नेली. तीही उचलली. मग त्या स्वतःच सकाळी दोन खुर्च्या घेऊन फाटकाशी बसल्या, एका खुर्चीवर आपण, दुसऱ्या खुर्चीवर दुबेजी. खन्नासाहेबांची गाडी आली. दुबेजी घाबरून उठायला लागले, तर मावशींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. खन्नासाहेबांना म्हणाल्या, ‘मैं पेशंट देख रही हूँ. आप खुद फाटक खोल लो.’ खन्नासाहेबांनी गाडीतून उतरून स्वतः फाटक उघडलं. असं सलग आठवडाभर चाललं. दुबेजींची खुर्ची राहिली.

इथवरच्या गोष्टी आम्ही आजही हसत सांगतो. यापुढची सांगताना हसू येत नाही.

तिसऱ्या खेपेला त्या आल्या तेव्हा आमच्या शेजारच्या जमिनीवर त्याच बिल्डरची आणखी उंच इमारत चढत होती. प्रकाशनं तिच्यात मोठा फ्लॅट नोंदवला होता. बांधकामावरचे मजूर मध्य प्रदेश-बुंदेलखंडातले. पत्र्याच्या खोपटांत राहायचे. होळीच्या आधीची दुपार होती. मला रजा होती. एकदम काहीतरी कडाडलं आणि पाठोपाठ आवाज आला, तो मी अजून विसरू शकलेले नाही. बाल्कनीत गेले तर बांबूची परांची एका बाजूनं कोसळलेली आणि खाली धूळ. मी चप्पल शोधेपर्यंत मावशी जिन्यानं खाली पोचलेल्या होत्या. बरोबर पलंगावरची चादर ओढून नेली होती.

एक बाई पडली होती. विटा वाहणारी, पंचविशीची असेल नसेल. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला, आणि रक्त. नवरा डोकं धरून बसला होता. आणि ठेकेदाराचा माणूस घमेल्यातून वाळू आणून त्या रक्तावर टाकत होता. बाईला हात लावायच्या आधी तो जमीन साफ करत होता.

मावशींनी घमेलं त्याच्या हातातून ओढून लांब फेकलं. मग चादर फाडून, फळीचे तुकडे लावून पाय बांधला. बाईचं नाव विचारलं, तिच्याशी बोलत राहिल्या, ‘फूलमती, आँख बंद नहीं करना, मेरेकू देखो.’ ठेकेदार आला. पांढरे बूट घातलेला, तरुण. टेम्पो मागवलाय, म्हणाला, गावातल्या डॉक्टरकडे नेतो, तुम्ही काळजी करू नका माताजी. मावशी म्हणाल्या, गावात पोचेपर्यंत ही राहणार नाही, समोर दवाखाना आहे तिथं न्यायचं, गाडी काढा. त्याची गाडी तिथंच उभी होती. त्यानं ती काढली नाही. आमच्या सोसायटीच्या आवारात ओळीनं गाड्या होत्या. खन्नासाहेब हातात किल्ली घेऊन उभे होते. त्यांना मीटिंग होती. दुसऱ्या एकानं सांगितलं, सीटचं कापड नवं आहे. हे त्यानं खरोखर बोलून दाखवलं.

शेवटी दुबेजी रस्त्यावर गेले आणि भाजीच्या एका टेम्पोसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. फुलकोबीच्या पोत्यांवर फूलमतीला ठेवून आम्ही समोरच्या नर्सिंग होममध्ये गेलो. काचेची इमारत, आत संगमरवर, एक छोटं कारंजंसुद्धा होतं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पेशंटची जबाबदारी कोणाची? मग म्हणाली, ही पोलीस केस आहे, डॉक्टर नाहीत, सरकारी हॉस्पिटलला न्या. आतल्या दाराच्या काचेतून पांढरा कोट घातलेला डॉक्टर आम्हाला दिसत होता.

मावशींनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मग टेम्पोवाल्याला आणि फूलमतीच्या नवऱ्याला खूण केली, आणि फूलमतीला स्वागतकक्षातल्या पांढऱ्या कोचावर झोपवलं. स्वतः तिच्या पायाशी, जमिनीवर बसल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘मैं चालीस साल सरकारी नर्स थी. इसका खून बंद करो, सलाइन लगाओ, फिर भेजो. नहीं तो ये इधर मरेगी, तुम्हारे कोच पर, और मैं इधरच बैठेगी.’

कोचावर लाल डाग पसरत गेला. बाकीचे पेशंट उठून बघायला लागले. डॉक्टर बाहेर आला.

रक्त थांबवलं, सलाइन लावलं, आणि यमुनेपलीकडच्या सरकारी हॉस्पिटलला पाठवलं. फूलमती वाचली. पाय गुडघ्यातून कापावा लागला. मावशी रोज बसनं तिला भेटायला जायच्या. पोळीभाजी न्यायच्या, तिची वेणी घालायच्या, वॉर्डातल्या नर्सना सूचना करून त्यांचाही राग ओढवून घ्यायच्या. कधी सुट्टी असली तर मी बरोबर जायची. एका सकाळी गेलो तर खाटेवर दुसरीच बाई होती. ठेकेदाराच्या माणसांनी नवऱ्याच्या हातावर काहीतरी टेकवलं होतं, कागदावर त्याचा अंगठा घेतला होता आणि टाके सुकायच्या आत दोघांना गावाकडच्या गाडीत बसवून दिलं होतं. वॉर्डबॉयनं हे सांगितलं तेव्हा मावशी त्या खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं रडतायत. रडत नव्हत्या.

तिथून आम्ही थेट पोलीस चौकीत गेलो. तिथल्या अंमलदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाईच इथं नाही तर तक्रार कसली? मग हसत विचारलं, ‘आप उसकी लगती कौन हैं?’

‘सिस्टर.’

‘सगी?’

‘सगी,’ मावशी म्हणाल्या, आणि समोरच्या बाकावर बसल्या.

त्या संध्याकाळी समोरच्या घरात काय झालं ते पातळ भिंतींतून आम्हाला सगळं ऐकू आलं. बिल्डरच्या ऑफिसातून प्रकाशला फोन आला होता. खन्नासाहेबही येऊन गेले होते. कोचाचं, सोसायटीच्या अब्रूचं, सगळं बोलून झालं होतं. प्रकाश वाईट मुलगा नव्हता. तो घाबरला होता. ‘आई, ती बाई गेली, तिनं स्वतः तक्रार केली नाही,’ तो म्हणत होता. ‘आपल्याला इथं राहायचंय.’

‘तुला राहायचंय. मी पाहुणी आहे.’

‘म्हणूनच म्हणतो. चार दिवस आलीस, राहा ना शांतपणे.’

‘पाहुणी आहे म्हणून मला दिसतं तरी,’ मावशी म्हणाल्या. ‘तुला वाळू टाकलेली दिसली नाही. तू त्याच वाळूत घर घेतलंयस.’

थोड्या वेळानं आमची बेल वाजली. मावशी हातात लहानशी ट्रंक घेऊन उभ्या होत्या. ‘वैशाली, जागा आहे का?’ एवढंच विचारलं. त्या महिनाभर आमच्याकडे राहिल्या. रोज सकाळी रिक्षानं चौकीत जायच्या आणि त्या बाकावर बसायच्या. तिथं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या जखमा बघायच्या, हवालदारांना मधुमेहाचं पथ्य सांगायच्या, आणि मधूनमधून आपली तक्रार लिहून घेतली का विचारायच्या. प्रकाश संध्याकाळी आमच्या दारात यायचा, आई जेवली का विचारायचा आणि आत न येता परत जायचा. मला त्याचा संताप यायचा आणि कीवही यायची. कधी काय जास्त, ते त्याच्या चेहऱ्यावर अवलंबून असायचं. अखेर तक्रार लिहून घेतली गेली. त्यांच्या चिकाटीनं की हवालदारांना बाक मोकळा हवा होता म्हणून, ते मी सांगू शकत नाही. मावशींचं नाव साक्षीदार म्हणून गेलं. मग त्या नगरला परतल्या. स्टेशनवर प्रकाश आला होता. त्यानं ट्रंक उचलली, त्यांनी उचलू दिली.

खटला उभा राहायलाच वर्षं गेली. तोवर आमच्या शेजारची इमारत पूर्ण होऊन तिच्या गच्चीवर निऑनची अक्षरं लागली. प्रकाशनं तिथला फ्लॅट सोडून दिला आणि तो मयूर विहारला भाड्यानं राहायला गेला. आईला काही बोलला नाही, मलाही नाही. फूलमतीला कोर्टाचे कागद गेले की नाहीत कोणास ठाऊक, ती कधी आली नाही. मावशी मात्र प्रत्येक तारखेला नगरहून आल्या. स्लीपरच्या डब्यातून, सांधे धरलेले असताना, एकट्या. आणि प्रत्येक वेळी पुढची तारीख मिळाली. कधी वकील नाही, कधी न्यायाधीश रजेवर, कधी संप. या देशात माणसाला थकवण्याची जी एक शिस्तबद्ध पद्धत आहे, ती मी गाझियाबादच्या त्या कोर्टात पाहिली. साक्ष न होताच मावशी पुढे नगरला वारल्या. ठेकेदार सुटला. निकाल ऐकायला मी गेले होते. ऐकायला फारसा वेळ लागला नाही.

पण मला दिसलेल्या शेवटच्या रूथमावशी त्याआधीच्या तारखेच्या आहेत.

जानेवारीतली दुपार होती, धुकं नुकतंच विरलेलं. पुकारा झाला, मावशी पिंजऱ्यापर्यंत गेल्या, आणि तेवढ्यात समोरच्या वकिलानं तब्येतीचं कारण सांगून मुदत मागितली. ती मिळाली. आम्ही बाहेर आलो. मावशी काठी टेकत चालत होत्या, प्रकाश एका बाजूला, मी दुसऱ्या. फाटकाबाहेर शकरकंदीची गाडी होती, निखाऱ्यावर रताळी भाजणारी. तिथं ठेकेदार उभा होता, बाजूला त्याचा ड्रायव्हर आणि तो आजारी म्हणवणारा वकील, तिघांच्या हातांत द्रोण. ठेकेदार आता स्वतःच बिल्डर झाला होता. अंगानं भरला होता, बोटांत अंगठ्या होत्या. मावशींना बघून तो अगदी आदरानं पुढे आला. त्याच्या बोलण्यात खरोखरच काही वैर नव्हतं, त्याचंच मला जास्त भय वाटलं. म्हणाला, ‘माताजी, इतनी ठंड में आप क्यों तकलीफ करती हैं? लीजिए, गरम है.’ आणि द्रोण पुढे केला.

मावशींनी द्रोणाकडे पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, ‘उस बाई का नाम क्या था?’

‘किसका?’

‘जो गिरी थी.’

तो हसला. वकिलाकडे पाहिलं. वकिलानं खांदे उडवले. एवढी वर्षं खटला चालवून त्याला ते ठाऊक नव्हतं. ठेकेदार म्हणाला, मजूर लोक येतात, जातात, माताजी, किती जणांची नावं लक्षात ठेवणार.

‘फूलमती,’ मावशी म्हणाल्या. ‘बोलो.’

‘जी?’

‘नाम बोलो उसका.’

त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की रताळी उलटणाऱ्या माणसाचा हात थांबला. ठेकेदारानं जायला पाऊल उचललं, तर मावशींनी त्याचा रस्ता अडवलेला होता. तो बाजूनं गेला असता तर एका म्हाताऱ्या बाईला धक्का देऊन जावं लागलं असतं, आणि भोवती आता माणसं जमत होती. प्रकाश हलकेच ‘आई’ म्हणाला. मग त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

‘फूलमती,’ ठेकेदार म्हणाला. द्रोणाकडे बघत.

‘जोर से.’

‘फूलमती.’

मावशींनी मान हलवली, जशी पेशंटनं गोळी गिळल्यावर हलवावी तशी. मग त्या सायकलरिक्षात चढल्या. प्रकाशनं त्यांच्या गुडघ्यांवर शाल नीट केली आणि बाजूला बसला. रिक्षा गर्दीत शिरली. ठेकेदार द्रोण हातात धरून तिथंच उभा होता, आणि त्याचा ड्रायव्हर त्याच्याकडे बघत होता.